खालची बाजू

वरची बाजू कुणीही घासतं,
अल्लाबक्ष मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला.
खालून हात फिरव.
पोराचा गुडघा खालून लागतो.

फिरवला. कुसळ गेलं बोटात.
इथं करवत मिळते, सुई मिळत नाही.
दातानं काढ, म्हणाला,
आणि पॉलिशपेपर पुन्हा हातात दिला, ऐंशी नंबरचा.

नंबर माझाही तेव्हा नवाच होता.
कच्च्या विटेची पक्की व्हायला भट्टीत आठ-पंधरा दिवस लागतात.
मला तीन वर्षं सात महिने लागले
शिवाजीनगर कोर्टाच्या तारखांवर.

सकाळी बरॅकीसमोर गिनती चालू असते
आणि लोहगावचं विमान नेमकं डोक्यावर येतं.
वॉर्डरचे ओठ हलतात, आकडा ऐकू येत नाही.
पुन्हा पहिल्यापासून.
मला ते विमान आवडतं.
तेवढा वेळ आम्ही कितीही असतो.

आई मुलाखतीला येते मुंढव्याहून, दोन बस बदलून.
काचेपलीकडे रिसीव्हर उलटा धरते,
मग सुलटा करून विचारते, जेवलास?
का मारलंस, हे एकदाही विचारलं नाही.
मीच सांगणार होतो,
पण वीस मिनिटांत टेम्पोचा थकलेला हप्ता,
म्हादूची शिवी, हातात आलेली टॉमी
हे बसवायचं कुठं?

आणि हे 'हातात आलेली'
मी किती वर्षं म्हणत होतो!
वकिलाला, जज्जसाहेबांना, रात्री पंख्याला.
टॉमी चालत येत नाही हातात.
ती सीटखाली होती. मी वाकलो. मी उचलली.
एवढी तीन वाक्यं तोंडातून निघायला सहा वर्षं गेली
आणि ऐकायला समोर कोण,
तर फेविकॉल वाळत असलेला एक अर्धवट बाक.

मंगळवारी समुपदेशनाच्या बाई येतात.
कागद देतात: मी कोण आहे, पाच वाक्यांत.
शेजारचा लहू भराभर लिहितो, मागची बाजूही भरतो.
मी लिहिलं, मी सुतार आहे.
मग बराच वेळ काही नाही.
मग लिहिलं, मी म्हादूला मारलं.
दोन्हींच्या मध्ये 'पण' घालावं की 'आणि',
ठरेना.
तास संपला. बाईंनी कागद तसाच घेतला.

गेल्या आठवड्यात ट्रक भरताना यादी दिसली.
चाळीस बाक, मनपा शाळा, मुंढवा.

टेम्पोच्या मागे आमची दोघांची नावं होती, त्याचं आधी.
त्याची धाकटी आता सातवीत असेल.
किंवा शाळा बदलली असेल. किंवा
त्यांनी मुंढवाच सोडलं असेल,
रोज माझ्या आईच्या दारावरून जायला नको म्हणून.
विचारायचा मला हक्क नाही,
आणि आईला विचारलं तर ती म्हणेल, जेवलास?

मी बाक उलटे करायला लागलो.
मिस्त्री ओरडला, अरे झालंय सगळं, चढव गाडीत!
मग माझ्याकडे बघितलं आणि
यादी घेऊन पलीकडे जाऊन बसला, चष्मा पुसत.

एकेकाच्या खालून हात फिरवला.
तळहात नाही, त्याला घट्टे पडलेत.
मनगटाची आतली बाजू. तिला लवकर कळतं.
सत्ताविसाव्याला एक गाठ लागली.
गाठ उपटायची नसते, भोक पडतं.
तिच्या कडेकडेनं घासत राहिलो
ड्रायव्हरनं तिसऱ्यांदा हॉर्न देईपर्यंत.

पुरती गुळगुळीत झाली नाही.
बाक गेला.

संध्याकाळच्या गिनतीला विमान आलं नाही.
आकडा पहिल्याच खेपेला बरोबर भरला.
त्यात एक मी होतो.